ज्वारीवर ताणलेले माझे अल्बम

"राग आला की भांडू नको, आधी हे पूर्ण ऐक," असं मी कॉलेजात असताना दादा म्हणाला होता आणि हैदराबादहून भरून आणलेल्या हेवी मेटल गाण्यांच्या तीन कॅसेटी माझ्या हातात ठेवल्या होत्या. दादा आता नाही. ते तीन अल्बम आजही माझे सर्वांत लाडके आहेत.

मंडळी, आज सकाळी मावल्याचं म्हणतात त्या आमच्या शेतात गेले, तर ज्वारीवर काळ्या फिती चमकत होत्या. पाखरं बसू नयेत म्हणून आमच्याकडे जुन्या कॅसेटची फीत अशी ताणतात. या फिती माझ्या कॅसेटींच्या होत्या.

"काऊन चिडून राह्यल्या, वहिनी?" दीर हसत म्हणाले. "तुमचं ते वरडणं घरात कोणी ऐकत नाही, पाखरं काय थांबतीन? अन् मोबाईलवर भेटते ना सगळं!"

मोबाईलवर अल्बम मिळतात, भाऊजी. दोन गाण्यांच्या मधे "आता गिटार ऐक, चिमे" म्हणणारा, फितीत भरलेला दादाचा आवाज मिळत नाही. माझ्या कॅसेटी होत्या त्याच डब्यातल्या भजनांच्या कॅसेटींना तुम्ही हात लावला नाहीत. माझ्या आवडीचं मात्र विचारावंसंही वाटलं नाही.

तुम्हीही ही पोस्ट वाचालच. तिसरी कॅसेट अजून अख्खी आहे, उद्या बांधाकडच्या तुकड्यावर ताणायला तुम्ही ठेवली आहे. ती मला परत द्या. कणसं खुडून होईपर्यंत तिथली पाखरं मी स्वतः हाकीन. तुम्ही हसून नाहीच म्हणाल, तरी मागते आहे.