अण्णांना वाचून कोण दाखवणार

दुपारी चार वाजता वहिनी ओट्यावर बसायची. मांडीवर टॅब, शेजारच्या खुर्चीत डोळे मिटलेले अण्णा. ती वाचायची, अण्णा ऐकायचे. मी आत चहा करायचे आणि गरज नसताना पातेली आपटायचे.

"चहा झाला व्हय गं?" अण्णा बाहेरून विचारायचे. माझ्या आपटण्याचा त्यांना तेवढाच अर्थ लागायचा.

ती जागा माझी होती. अण्णा म्हणजे माझे वडील, श्रीगोंद्यातल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागले आणि संगणकावरची जुळणी शिकून तिथूनच निवृत्त झाले. पगार लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांचा मिळायचा, पण जीव पत्रकांत असायचा. पाटपाणी असो, ऊसतोडीची मजुरी असो, बंद पडलेली एसटीची फेरी असो, तालुक्यातलं पत्रक अण्णांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापलं जात नसे. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. वर्गातली पोरं 'कमळ' वाचत होती तेव्हा मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. पुढे मी लिहायला लागले, लेख छापून यायला लागले, त्याचं मूळही तेच.

काही वर्षांपूर्वी अण्णांच्या नजरेच्या मधोमध डाग आला. समोरच्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही, असं ते हसत सांगतात. तेव्हापासून वाचून दाखवायचं काम माझं. पेपर, निवेदनं, कोर्टाचे निकाल, माझे स्वतःचे लेख. एखाद्या शब्दाशी मी अडखळले की ते हात वर करायचे आणि मी वाक्य पुन्हा घ्यायचे. त्या वर केलेल्या हातासाठी मी काय काय वाचलं असेन, त्याचा हिशेब नाही.

मग भावाचं लग्न झालं. भाऊ चाकणला नोकरीला, आठवड्याला घरी येणारा. वहिनी श्रीरामपूरची, तिथं एका वकिलांकडे काम केलेली. जाडजूड दाव्यांची कागदपत्रं वाचून त्यांचं टाचण काढणं हा तिचा रोजचा उद्योग होता. तो टॅब तेव्हाचाच, तिच्या पगारातून घेतलेला. दहा इंची, कोपऱ्याला टवका उडालेला.

आमच्या गावाशेजारच्या साखर कारखान्याला दारूचा प्रकल्प वाढवायचा होता. मळीच्या पाण्याचा वास आम्हाला पिढीजात माहीत आहे, पण आता तो दुप्पट होणार होता. त्यासाठी जनसुनावणी ठरली आणि पर्यावरणाचा अहवाल गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडला. साडेसहाशे पानांची पीडीएफ, इंग्रजीत, कागद स्कॅन करून बनवलेली. म्हणजे अक्षरं मोठी करायची सोय नाही, अख्खं पानच ओढून मोठं करायचं. सुनावणीत आमच्या घरातून एक जण बोलणार होता आणि तो एक जण म्हणजे मी, हे मी धरूनच चालले होते. गावानंही तसंच धरलं होतं.

मी फोनवर वाचायला घेतलं. पान चिमटीनं मोठं करायचं, ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायची, मग परत डावीकडे यायचं, तोवर कुठली ओळ होती ते विसरलेलं. मधेच पडद्यावर ग्रुपमधल्या कुणाचा तरी वाढदिवस उगवायचा. दोन दिवसांत चाळीस पानं झाली आणि मान दुखायला लागली.

वहिनीनं टॅब आडवा धरला, पानाच्या कडेची पांढरी जागा कापली, उजेड कमी करून पडदा पिवळसर केला आणि वाचायला लागली. घाई नाही. जिथं काही सापडेल तिथं बोटानं रेघ, शेजारी दोन शब्द. इंग्रजी वाचता वाचता ती अण्णांना मराठीत सांगायची, आणि तेही आमच्या घरच्या मराठीत. आठवड्यात ती दोनशे पानांच्या पुढे गेली.

"डोकं शांत हाय पोरीचं," अण्णा जेवताना म्हणाले.

माझ्याबद्दल हे वाक्य घरात कधी कुणी उच्चारलेलं नाही.

"ताई, दुपारी टॅब मोकळाच असतो," वहिनी एकदा म्हणाली. "घेत जा की."

"मला चकचकीत पडद्यावर वाचवत नाही," मी म्हणाले. "आणि प्रत्येक गोष्टीला नवं यंत्र लागतं असं मला वाटत नाही."

हे मी हातात मोबाईल धरून म्हणाले. वहिनी फक्त "बरं" म्हणाली. तिनं वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

दोनच दिवसांनी मी नगरला गेले, यंत्र घ्यायलाच. घरी सांगितलं, संपादकांना भेटायचंय.

दुकानदार माणूस सरळ होता. त्यानं आधी विचारलं, "काय वाचणार, मॅडम?"

"सगळंच."

"म्हणजे पुस्तकं का पीडीएफ? स्कॅन केलेल्या पीडीएफ असतील तर दहा इंचाच्या खाली येऊ नका. हा बघा." आणि त्यानं काउंटरवर ठेवला तो वहिनीचाच टॅब. तीच कंपनी, तोच रंग, फक्त टवका नसलेला.

मला खरंच तोच हवा होता. आणि तोच घेऊन घरी गेले असते तर वहिनीचं बघून घेतला हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी विचारलं, "दुसरं काही नाही?"

त्यानं कपाटातून एक छोटं राखाडी वाचनयंत्र काढलं. कुण्या प्राध्यापकांनी मागवलेलं, पण ते न्यायला आलेच नव्हते. सहा इंची. पडदा कागदासारखा, चमक नाही, जाहिरात नाही, व्हिडिओ नाही. त्यावर एक कादंबरी उघडली होती आणि अक्षरं छापल्यासारखी दिसत होती. छापखान्यातल्या माणसाच्या मुलीला भुलायला एवढं पुरे.

"पुस्तकांना हे एक नंबर," तो म्हणाला. "पण पीडीएफला..."

"हेच द्या," मी म्हणाले.

परतीच्या एसटीत मी डोक्यात एक लेखसुद्धा जुळवला होता, दिखाऊ पडद्यांच्या विरोधात.

घरी अहवाल त्यात भरला आणि पान उघडलं. मोठ्या कागदावरचं पान सहा इंचांत आलं होतं. अक्षरं नव्हतीच ती, मुंग्यांची रांग होती. मोठं करायला गेलं की पडदा एकदा काळा व्हायचा, मग पानाचा एक चतकोर दिसायचा. सरकवलं की पुन्हा काळा. एका पानाला चार चतकोर आणि चार अंधार.

वहिनीनं ते पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "ताई, केवढंसं हो हे. मला वाटलं सुपारीचा डबा आणला."

"डोळ्यांना त्रास होत नाही याचा," मी म्हणाले.

"व्हय, दिसलंच न्हाई तर त्रास कसला," अण्णा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण माझं हसणं वेगळ्या ठिकाणाहून आलं होतं.

त्याच आठवड्यात वहिनी माहेरी गेली, चार दिवस, टॅबवरचा उरलेला अहवाल सोबत घेऊन. माझी जागा मला परत मिळाली. पहिल्या दुपारी ओट्यावर बसताना मला लहान मुलासारखा आनंद झाला होता, हे लिहायला लाज वाटते. अण्णांनी सुनावणीसाठीच्या पत्रकाचा मसुदा करायला घेतला. ते सांगायचे, मी लिहायचे, आणि पाण्याच्या तपासणीचा भाग मीच वाचून सांगणार होते.

इथं आमच्या घरातल्या पत्रकांची पद्धत सांगायला हवी. मसुद्याच्या डाव्या समासात प्रत्येक दाव्यासमोर पेन्सिलीनं एक आकडा असतो. ज्या कागदावरून ते वाक्य आलं त्याचं पान. तो आकडा ज्यानं पान स्वतः वाचलं त्यानंच लिहायचा. आकडा नसलेलं वाक्य अण्णा छापायला जाऊ देत नाहीत. पत्रकात एक ओळ खोटी निघाली की समोरचा तेवढीच धरतो आणि बाकीच्या सगळ्या खऱ्या ओळी वाया जातात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय.

चारशे बारा नंबरच्या पानावर विहिरींच्या पाण्याचा तक्ता होता. पहिला चतकोर पाहिला. अंधार. दुसरा पाहिला. अंधार. इतर गावांची नावं दिसत होती, आमचं दिसत नव्हतं. अण्णा डोळे मिटून थांबले होते. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर हलकेच वाजत होती. वहिनीच्या वेळी ती वाजत नसत.

"काय हाय मग?" ते म्हणाले.

"आपल्या गावातली एकही विहीर तपासलेली नाही, अण्णा."

त्यांचा हात वर गेला. मी वाक्य पुन्हा म्हणाले, जरा जोरात.

"हे मथळ्याच्या खाली घे," ते म्हणाले. "हेच पहिलं."

मी वाक्य लिहिलं आणि समासात आकडा घातला, ४१२. खालचे दोन चतकोर मी उघडलेच नव्हते. हे मला आकडा लिहितानाही माहीत होतं. मी गावोगाव सत्तेच्या खोटेपणावर बोलणारी बाई.

वहिनी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पत्रक छापखान्यात जायचं होतं. सकाळी मी भाकरी थापत होते. ती मसुदा आणि टॅब घेऊन आत आली आणि दाराशीच थांबली.

"ताई, चारशे बारावरची शेवटची ओळ पाहिली का?"

"का?"

तिनं टॅब माझ्यापुढे धरला. पान अख्खं दिसत होतं. तक्त्याच्या तळाला आमच्या गावाचं नाव, गट नंबर, पाण्याचे आकडे.

तव्यावरची भाकरी करपली. ती तिनंच उलटली.

"अण्णांना मी काही बोलले नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही सांगा, वाक्य नीट बसत नाही म्हणून काढलं. होतं असं."

तिनं मला अण्णांसमोर उघडं पाडलं असतं तर मी तिचा निवांत राग केला असता. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही. चांगुलपणाचाही हेवा वाटतो हे मला त्या सकाळी कळलं.

मी पिठाचे हात धुतले आणि ओट्यावर गेले. "अण्णा, विहिरींचं ते वाक्य खोटं आहे. पान मी पुरतं वाचलं नव्हतं. माझ्या त्या यंत्रावर ते वाचताच येत नाही."

अण्णांनी बराच वेळ माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे पाहिलं.

"आकडा घातला हुतास?"

"हो."

"यंत्रानं न्हाई घातला."

"नाही."

मी वाट पाहत होते, की रागावतील, छापखान्यातल्या जुन्या गोष्टी काढतील. ते म्हणाले, "सूनबाईला बोलव."

वहिनीला मीच हाक मारली. ती आली, ओट्यावर बसली आणि ती ओळ पहिल्यापासून वाचून मराठीत सांगितली. गट नंबर सांगून म्हणाली, "ही विहीर कुठली ते मात्र मला नाही ठाऊक, अण्णा."

"वरच्या मळ्यातली," मी म्हणाले. विचार करावा लागला नाही. "कारखान्याच्या वरच्या अंगाला आहे. मळीचं पाणी तिथं जायचं तर त्याला चढ चढावा लागेल. ओढ्याकाठच्या, कारखान्याच्या खालच्या विहिरींतली एकही नाही का त्यात?"

वहिनीनं तक्ता वरून खाली, मग खालून वर पाहिला. पुढचं पानही उघडून पाहिलं. "एकही नाही."

अण्णा खुर्चीत सरळ झाले. "लिही. गावातली एकच इहीर तपासली, ती बी जिथं घाण पोचतच न्हाई ती."

मी लिहिलं. आधीच्यापेक्षा हे वाक्य कितीतरी भारी होतं, आणि खरं होतं. समासाशी येऊन माझी पेन्सिल थांबली.

"पान कुणी वाचलं?" अण्णांनी विचारलं.

"वहिनीनं."

"मग पेन्सिल तिला दे."

"विहीर ताईंनी ओळखली, अण्णा," वहिनी म्हणाली.

"समासात पान लिहित्यात, इहीर न्हाई."

मी पेन्सिल दिली. तिनं आकडा लिहिला. तिचा चार माझ्या चारपेक्षा सुबक आहे, हेही मी त्या क्षणी पाहून घेतलं. मग अण्णा म्हणाले, सुनावणीत सूनबाई बोलंल, तिला अख्खा अहवाल ठाऊक हाय. मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? न वाचलेल्या पानाचा आकडा घातल्यावर मी आता तोंड उघडू शकत नव्हते.

सुनावणी कारखान्याच्या शेजारच्या मैदानात मांडवात झाली. वहिनीचा आवाज सुरुवातीला कापला, मग लागला. विहिरीचं वाक्य आलं तेव्हा टेबलामागचे साहेब म्हणाले, "हे कुठं लिहिलंय?" ती म्हणाली, "चारशे बारा, शेवटची ओळ. नकाशा पुढे आहे, विहीर चढावर आहे ते त्यात दिसतं." साहेबांनी पान उलटायला सांगितलं. मांडवात कुजबूज झाली, मग टाळ्या. ओढ्याकाठच्या विहिरी तपासून घ्या, अशी नोंद साहेबांना करावी लागली. अण्णा पहिल्या रांगेत डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचा एक हात अर्धवट वर होता.

मी मांडवाच्या तोंडाशी पत्रकं वाटत होते. खालच्या अंगाचे एक शेतकरी, त्यांची विहीर ओढ्यालाच लागून आहे, पत्रक घेऊन माझ्यापाशी थांबले.

"तुमची वहिनी लई नीट बोलती," ते म्हणाले. "कुठून शिकली?"

"वाचते ती," मी म्हणाले.

"तुमी न्हाई बोलनार आज?"

"नाही. आज ती."

ते मान हलवून आत गेले. टाळ्या पुन्हा झाल्या. त्या किती वेळ चालल्या ते मी मोजलंच, आणि मी पुढच्या माणसाच्या हातात पत्रक दिलं.