वसूने लावलेलं इंटरनेट

माझ्या बहिणीचं लग्न जुळायच्या आधीच मोडण्याची व्यवस्था मी एका रविवारी जवळजवळ पूर्ण केली होती.

तेव्हा आम्ही चेन्नईत, अण्णा नगरला राहत होतो. शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळायचं, हे माझं काम. धाकटी बहीण मेधा पुण्याहून आमच्याकडे आली होती. सिंगापूरचा एक मुलगा संध्याकाळी पाचला तिला वेबकॅमवर पाहणार होता. (म्हणजे तीही त्याला पाहणार होती, हे तिने मला बजावून सांगितलं होतं.)

आणि आमचं ब्रॉडबँड आठवडाभर लहरीपणा करत होतं. एक पान पटकन उघडायचं, दुसऱ्याला ‘सर्व्हर सापडत नाही’. जरा वेळाने तेच पान निमूटपणे हजर.

“मोडेम तापतोय,” मी निदान केलं आणि टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. मोडेम गार झाला, आम्ही घामाघूम झालो, सर्व्हर काही सापडला नाही.

“मग वायर जुनी झाली असणार,” असं म्हणून मी ती मधोमध कापली आणि नव्याने जोडली. आता इंटरनेट पूर्ण गेलं. सोबत त्याच वायरवरचा घरचा फोनही गेला.

“दादा, त्यांचा फोन आला तर?” मेधाने शांतपणे विचारलं. तिचा तो शांतपणा मी लहानपणापासून ओळखतो. त्यानंतर ती रडते.

माझी बायको वसुंधरा शाळेत गणित शिकवते. माहेर तंजावरकर मराठी. घरात मराठी, भांडण मात्र तमिळमध्ये. पेपर तपासता तपासता ती उठली आणि तिने माझा जोड उलगडून पाहिला.

“अहो, वरचं प्लास्टिक सोललंच नाही तुम्ही.”

तिने ते सोललं आणि वायर जोडली. फोन जिवंत झाला, इंटरनेटही आलं, अर्थात पहिल्याइतकंच लहरी. मी विंडोज नव्याने टाकायची सीडी शोधू लागलो.

“कोंजम इरुंगा,” वसू म्हणाली. (म्हणजे जरा थांबा. ती तमिळवर आली की मी थांबतो.) “सकाळपासून ऑफिसचं काम करत होतात ना? ते एकदाही अडलं नाही. का?”

“तिथे मी नाव टाइप करत नाही. सर्व्हरचा नंबर घालतो.”

“आणि बाकी सगळीकडे?”

“नाव.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. वर्गात ढ मुलाला उत्तर सुचावं म्हणून शिक्षक थांबतात, तशी थांबली.

“म्हणजे रस्ता ठीक आहे,” शेवटी तीच म्हणाली. “नावावरून नंबर शोधून देणारा कुणीतरी आहे, तो मधूनमधून झोपतोय.”

याला आमच्या धंद्यात डीएनएस म्हणतात. त्यावर मी ऑफिसात नव्या लोकांना व्याख्यान देतो. ते व्याख्यान मला त्या क्षणी आठवलं.

वसूने इंटरनेट कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस ‘कॉम्प्युटर बंद करून चालू करा’ म्हणत होता. तिने आवाज न चढवता त्याला नाव आणि नंबर यांतला फरक तमिळमध्ये असा समजावला, की तो गृहस्थ ‘येस मॅडम’ म्हणू लागला. त्यांचा तो सर्व्हर खरंच आजारी होता. त्याने दुसऱ्या सर्व्हरचा नंबर दिला, तो तिने सेटिंगमध्ये घातला आणि पुन्हा पेपर तपासायला बसली. मी भराभर पानं उघडून पाहिली. एकही अडलं नाही. बायकोचा इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

पाच वाजता सिंगापूरचा नितीन पडद्यावर आला. मेधाने त्याला बरेच प्रश्न विचारले, त्याने न अडखळता उत्तरं दिली. चित्र एकदाही गोठलं नाही. पुढे रीतसर लग्न झालं.

आता त्यांच्याकडे इंटरनेट बिघडलं की नितीनचा फोन येतो. मी उचलतो. “दादा, कसे आहात?” तो आदराने विचारतो आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता म्हणतो, “वहिनी आहेत का?”

मी रिसीव्हर वसूच्या हातात देतो. घरच्या नेटवर्कमधलं एवढं तांत्रिक काम अजून माझ्याकडे आहे.