वहिनींची दोन ग्राफिक्स कार्डं

आमच्याकडे जिने बनतात. वहिनी जिना कॉम्प्युटरवर काढतात, मी तो लाकडा-लोखंडात उभा करतो आणि दादा गिऱ्हाइकाकडे जाऊन आम्ही दोघांनी ठरवलेलं सगळं बदलून येतो. असा आमचा कारखाना. खाली करवत, वर घर आणि मधल्या खोलीत वहिनींचं टेबल.

वहिनी कमी बोलतात. मी त्यांची भरपाई करतो. मला कॉम्प्युटरचं पहिल्यापासून वावडं, पण वहिनींच्या मशीनवर माझा जीव होता. त्यातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र फिरवणारा भाग, इतकं जुनं की आम्ही त्याला म्हातारबा म्हणायचो. जरा काम वाढलं की त्याचा पंखा धापा टाकायचा. मग वहिनी त्याच्यासाठी चित्र हलकं करायच्या. चित्राचे लेयर असतात, हवा तो दाखवायचा, नको तो झाकायचा. भिंतींची वीट झाकली, खिडकीची काच झाकली, की म्हातारबा हळूहळू जिना फिरवून दाखवायचा. वहिनींना त्याची इतकी सवय झाली होती की फाइल उघडताना त्यांची बोटं आपोआप काय काय झाकून टाकायची. एखाद्या आजाऱ्याला पथ्याचं वाढावं तसं.

अडलं ते वाचनालयाच्या जिन्यापाशी. तिथल्या ग्रंथपाल बाईंना वरच्या मजल्यावर जायला नवा जिना हवा होता. वहिनींनी गोल वळत जाणारा काढला. आजवर आम्ही सगळे सरळ नाहीतर काटकोनातले जिने केले, कारण गोल जिना पूर्ण उघडला की म्हातारबा मान टाकायचा. हा मात्र वहिनींनी तुकड्यातुकड्यांत, हट्टाने काढला होता.

दादा म्हणाला, "शनिवारी बाई येणार. त्यांना पडद्यावर आख्खा जिना चढून-उतरून दाखवता आला तर गोल. तुकडे दाखवायचे असतील तर आपला सरळच बरा. उगाच हसं नको."

त्या दिवशी वहिनींनी दोनदा चहा टाकला आणि दोन्ही वेळा साखर विसरल्या. त्यांना हा जिना किती हवा होता ते मला तेव्हा कळलं.

कॉम्प्युटरवाला आमचा जुना मित्र. त्याने नवं कार्ड एका सुट्या मशीनमध्ये बसवून आणून दिलं. "शनिवारपर्यंत वापरून बघा. फरक वाटला तर ठेवा, नाहीतर मी घेऊन जातो." नवं कार्ड दिमाखदार, आवाज म्हणून नाही. मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं.

दोन्ही मशीन शेजारी मांडली. वहिनींनी तीच फाइल दोन्हीकडे उघडली, हाताच्या सवयीने आवराआवर केली आणि जिना फिरवला. जावईबापूंनी फिरवला. म्हातारबानेही फिरवला! थोडा धापा टाकत, पण फिरवला.

"सारखंच की!" दादा म्हणाला.

"माझा पैलवान अजून दमदार आहे," मी म्हणालो. मला खरंच आनंद झाला होता. आपला माणूस जिंकल्यासारखा.

वहिनींनी पुन्हा करून बघितलं. मग पडलेल्या आवाजात म्हणाल्या, "हो. फारसा फरक नाही." त्यांच्या जागी मी असतो तर थाप मारली असती. पण तिथून पुढे पायऱ्यांच्या बारीक कडा उघडायला गेल्या तशी म्हातारबाची गाडी अडखळली, आणि नव्याचंही तेच होणार असं धरून दादाने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावायला घेतला. "घेऊन जा म्हणतो. बाईंना सरळ जिना दाखवू."

तेवढ्यात आई आत आली. तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पडद्यात डोकावली.

"अगं, पण याला कठडा कुठाय? पोरंसोरं पडतील की खाली!"

आम्ही हसलो. दादा म्हणाला, "आई, कठडा तुझा धाकटा जागेवर करतो. दोरी लावून माप घेतो." ते खरंच होतं. आमच्याकडे पायऱ्या बसल्यावरच मी कठड्याला हात घालायचो, चित्रात तो कधी नसायचाच.

वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, फोन ठेवा! मी नव्यालासुद्धा म्हाताऱ्याचंच पथ्याचं वाढलंय."

त्यांनी दोन्हीकडे झाकलेलं सगळं एकेक करून उघडलं. विटा आल्या, काचा आल्या, उन्हाची तिरीप आली. शेवटी एक लेयर राहिला. त्यावर टिचकी मारताना त्या जरा थबकल्या.

म्हातारबाचा पडदा पांढरा पडला तो पडलाच. आणि जावईबापूंनी आख्खा जिना गर्रकन फिरवून आमच्यासमोर धरला. कठड्यासकट.

तो कठडा मी कधी पाहिलाच नव्हता. गज जिन्याबरोबर वळत गेलेले, आणि धरायचे दांडे दोन. एक नेहमीच्या उंचीवर, दुसरा त्याच्या बराच खाली.

"हा कधी काढलात वहिनी?"

"प्रत्येक जिन्याचा काढते. मग झाकते. त्याला झेपत नाही ना."

"प्रत्येक? मग मला सांगितलं का नाही?"

"तुमचे सुरेखच होतात, भावोजी. आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत."

एवढी वर्षं मी माझ्या कठड्यांच्या फुशारक्या मारत हिंडलो, आणि या बाई मुकाट्याने आपले कठडे काढून झाकत बसल्या. दादाने फोन खिशात घातला.

शनिवारी ग्रंथपाल बाई जावईबापूंसमोर बसल्या आणि पडद्यावरून जिना चढल्या, उतरल्या, परत चढल्या. मग बोट ठेवून विचारलं, "हा खालचा दांडा कशाला?"

वहिनी म्हणाल्या, "वर मुलांची खोली आहे ना. त्यांचा हात वरच्या दांड्याला पोचत नाही."

"हाच करा," बाई म्हणाल्या. "यातलं काही बदलू नका." हे शेवटचं त्या दादाकडे बघून म्हणाल्या, त्यामुळे मला फार बरं वाटलं.

मी तो कठडा कारखान्यातच केला, वहिनींच्या मापाने, दोरी न लावता. बसवताना तो कुठे तासावा लागला नाही. वहिनी वर गेल्या आणि उतरताना मुलांच्या उंचीला वाकून, खालच्या दांड्याला धरून खाली आल्या. पाठ दुखेल म्हणून मी ओरडलो. त्या म्हणाल्या, "थांबा हो, मला बघू दे."