आधी स्टार्टर बघा

सन २०१७. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा आणि जुन्नरचा मिस्त्री साठीला टेकलेला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं त्याचं दुकान. तांब्याच्या तारेचे वेढे तो बोटांनी मोजायचा. गप्पा मारतानासुद्धा एक वेढा चुकायचा नाही. "मी नाय मोजत, बोटं मोजत्यात," म्हणायचा. तशी बोटं मी दुसरी पाहिली नाहीत. ती मी घालवली.

आईच्या आजारपणात कुणा डॉक्टरनं त्याला शरीराचं काहीबाही समजावलं होतं. ते तो मोटारीच्या भाषेत सांगे. "भाऊ, डोकं म्हंजी स्टार्टर. मणक्यातनं मेन केबल खाली येती, तिथून नसांच्या वायरी. हातपाय नुसत्या मोटारी. आन डाव्या डोक्याची वायर उजव्या हाताला. मानंपाशी उलटापालट केलीय वरच्यानं."

एकदा डाख द्यायच्या तापल्या सळईला माझा हात लागला आणि झटकन मागं आला. मिस्त्री खूश. "बगा, डोक्याला इचारलं पन नाय! तेवढं मणकाच परस्पर उरकतो."

"मी चौथी नापास, तू सातवी. आलाय मोठा डॉक्टर!"

"गिऱ्हाईकं पन तुमच्यावानीच. मोटार फिरंना की मोटारीलाच हानत्यात. आवं, आदी स्टार्टर बगा."

त्याच साली तो माझ्या गावी, डिंगोऱ्याला, माझ्या विहिरीवर मोटार बसवायला आला. सकाळचे आठ. हातातला पाना पडला. उचलायला गेला, तर उजवा हात उठेना. तोंड एका बाजूला ओढलेलं. जड जिभेनं म्हणाला, "भाऊ... दवाखाना."

मी जीप काढली, पण दवाखान्याकडं नाही. लकवा म्हटलं की आमच्याकडं आधी कबुतर, मग डॉक्टर. डोंगराकडच्या एका गावात एक म्हातारा कबुतराचं ताजं रक्त अंगाला चोळायचा. माझ्या बापाला तिथंच गुण आला, असं मी चाळीस वर्षं छातीठोक सांगत आलो होतो. नंबर लागेपर्यंत उन्हं डोक्यावर आली. म्हातारा उजवा हात चोळत होता आणि मिस्त्री डाव्या हातानं स्वतःचं डोकं दाखवत होता. पुन्हा पुन्हा. त्याला काय म्हणायचंय ते मला कळत होतं. तरी मी ओरडलो, "गप पड की राव! मला शिकवतो काय?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "किती वाजता पडले?"

"आठ."

भिंतीवर अडीच वाजले होते. बाईंनी पेन खाली ठेवलं. "रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आजोबा."

हात गेला. दुकान गेलं. जीभ अर्धीमुर्धी परत आली. दर बाजारादिवशी मी त्याच्या घरी जाऊन बसायचो. वाटायचं, कधीतरी म्हणेल, नशीब होतं. शेवटी मीच म्हणालो. तो एकेक शब्द ओढत बोलला, "नशीब नाय, भाऊ. हात माझा... हट्ट तुमचा." माफी मागायला मी तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते, "पाऊस बरा झाला औंदा."

गेल्या वर्षी तो गेला. कबरीत तीन मुठी माती मीही टाकली, उजव्या हातानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी त्या कबुतरवाल्याच्या गावाला गेलो. म्हातारा मेलाय, आता मुलगा बसतो. फाट्यावरच्या दगडावर बसून राहिलो. थोड्या वेळानं एक जीप आली. मागच्या सीटवर एक बाई, तोंड वाकडं झालेलं. मी जीपला आडवा झालो. ड्रायव्हर खेकसला, "म्हाताऱ्या, मरायचंय का?"

मी विचारलं, "किती वाजता पडली?"