शुअरिटी मामांना आभार चालत नसत

मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर खंडेराव मामांचा. हे वाक्य त्यांनी वाचलं असतं तर मात्र ते चिडले असते. आभार मानलेले त्यांना चालत नसत. कोणी ‘थँक्स’ म्हटलं की त्यांच्या कपाळावरचं गंध आठ्यांत दुमडून जायचं आणि ते विचारायचे, “कशाला? मी काय तुज भीक घातली?” समोरचा ओशाळायचा. मग मामा स्वतःच त्याला कॉफी पाजायचे.

आमच्या होस्टेलात त्यांना ‘शुअरिटी मामा’ म्हणत. शुअरिटी म्हणजे जामीन. चेन्नईत हा शब्द शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. मामा चेन्नईजवळच्या आवडी गावात, संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला होते आणि तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहत होते. आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आवडीच्याच रेल्वेमार्गावर थोडं पुढे होतं. कर्जासाठी जामीन लागला की मुलं मामांचं दार वाजवत, आणि मामा चपला घालून निघत. माझ्याआधी किती जणांसाठी त्यांनी सह्या केल्या होत्या, हे मामींनी विचारलं तरी ते सांगत नसत.

माझी त्यांची गाठ पडली ती आवडीच्या भाजीबाजारात. मी सेलूहून नुकताच आलो होतो आणि कॉलेजची पहिली फी भरायची मुदत संपत आली होती. गावच्या बँकेने सांगितलं होतं, “कॉलेज तिकडे, तर कर्जही तिकडेच माग.” तिकडची बँक म्हणाली, “तुझे वडील इथे नाहीत, मग इथला केंद्र सरकारी नोकर जामीन आण.” माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. उत्पन्नाच्या रकान्यात तसं लिहिल्यावर मॅनेजर शेजारच्याला तो कागद दाखवून हसला होता. ते हसू डोक्यात घेऊन मी बाजारातून चाललो होतो आणि अचानक मराठी ऐकू आली. एक उंच गृहस्थ वांगी निवडता निवडता बायकोला सांगत होते, “हीं नक्को. अस्कं किडलें आहे.”

अस्कं म्हणजे सगळं. मामांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आले होते. त्यांची मराठी जुनी होती, तिला तमिळचा हेल होता, आणि ती मला इथे हुबेहूब लिहिता येणार नाही. मी न राहवून विचारलं, “तुम्ही मराठी आहात?”

“तूं नाहींस की काय?” ते म्हणाले. “एवढा रडवेला होऊन काय शोधतोस इथे?”

“जामीनदार.”

“भाजीबाजारात?” मामा मामींकडे वळले. “ऐकलेंस? हा वांग्यांच्या ढिगांत शुअरिटी शोधतो आहे.” मग माझी फाईल काखेत मारून म्हणाले, “चल.” मामी मागून म्हणाल्या, “अहो, निदान पोराचं नाव तरी विचारा.” त्यांनी ते बँकेच्या पायरीवर विचारलं.

सही करण्याआधी कागद मोठ्याने वाचायची मामांना सवय होती. मनात वाचलेलं त्यांना वाचलं असं वाटतच नसे. त्या दिवशी बँकेत त्यांनी कराराचं पान न् पान खड्या आवाजात वाचलं. रांगेतले लोक हसू लागले. मॅनेजर म्हणाला, “सर, सगळे सही करतात, वाचत कोणी नाही.” मामा म्हणाले, “मग छापलें कशाला?” आणि पुढचं पान उलटलं. त्या रकमेच्या कर्जाला मुळात जामीनदार मागायचाच नसतो, हे त्या पानांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मला फार उशिरा कळलं. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि विचारायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

पुढची चार वर्षं रविवारी दुपारचं जेवण मामांकडे. ते मला पहिल्या दिवसापासून ‘पट्टदारी’ म्हणत. तमिळमध्ये पदवीधराला तसं म्हणतात. “मामा, अजून पहिली सेमिस्टरही झालेली नाही,” असं मी म्हणायचो. “होशील की. तोंवर सवय कर,” असं त्यांचं उत्तर. मार्क किती पडले ते त्यांनी कधी विचारलं नाही. पोटभर जेवलास का आणि बापाला फोन केलास का, एवढंच विचारत. मध्यंतरी ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि मामा-मामी वेस्ट मांबलमला भाड्याच्या घरात गेले. पेन्शन मात्र त्यांनी आवडीच्या त्याच शाखेत ठेवलं. पेन्शनच्या दिवशी कारखान्यातले जुने सोबती तिथे भेटत, आधी बँक आणि मग समोरच्या हॉटेलात कॉफी. त्यासाठी मामा गाडी बदलून आवडीला जात आणि तो दिवस सणासारखा घालवत.

शेवटच्या वर्षी मला पेरुंगुडीच्या एका कंपनीचं ऑफर लेटर मिळालं. आमच्या घरात तोवर बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. वडिलांनी फोनवर दोनदा पगाराचा आकडा विचारून घेतला. मला लहानपणापासून शिकवलेलं होतं की चांगली बातमी मदत करणाऱ्याला आधी सांगावी, आणि तीही रिकाम्या हाताने नाही. पेढे मिळाले नाहीत म्हणून मी पालकोव्याचा डबा घेतला आणि सरळ बँकेत गेलो. मॅनेजरच्या पाया पडलो. त्याने पालकोवा खाल्ला, शिपायालाही दिला आणि प्रेमाने म्हणाला, “लेटरची एक झेरॉक्स देऊन जा.” मी धावत जाऊन काढून आणली.

हप्ता नोकरी लागल्यावर काही महिन्यांनी सुरू व्हायचा होता. मॅनेजरने त्या झेरॉक्सवरच्या तारखेला मला नोकरी लागली असं धरलं. तेव्हा तर माझी शेवटची परीक्षाही व्हायची होती. पुढे मंदी आली. कंपनीने कळवलं, रुजू होण्याची तारीख नंतर सांगू, आणि ती सांगायला कित्येक महिने लावले. मी क्लासमध्ये गणित शिकवून खोलीचं भाडं भरत होतो. इकडे बँकेच्या लेखी मी पगारदार होतो आणि मुद्दाम हप्ते चुकवत होतो. व्याजावर दंडव्याज चढलं. मी लेखी कळवलं की मी अजून कामावर रुजूच झालेलो नाही. उत्तर आलं, नोकरीचा पुरावा आपण स्वतः सादर केला आहे.

एके दिवशी शाखेच्या सूचनाफलकावर कर्ज थकवणाऱ्यांची यादी लागली. माझं नाव होतं. त्याखाली जामीनदार म्हणून मामांचं होतं. ज्या फलकासमोर त्यांचे सोबती पेन्शनच्या रांगेत उभे राहत, त्याच फलकावर. मग बँकेने मामांच्या पेन्शनच्या खात्यातून माझे हप्ते परस्पर वळते करायला सुरुवात केली.

हे मामांनी मला सांगितलं नाही. मामींनी सांगितलं, तेही वाढता वाढता, कारण त्या दिवशी पानात फक्त रसम-भात होता. मी मान खाली घातली. घरी माझी बहीण सुनंदा नुकतीच नर्सिंग शिकायला लागली होती. वडील म्हणत होते, तिचं शिक्षण थांबवू, मामांचे पैसे आधी. मी मामांना म्हणालो, “पालकोवा घेऊन मीच गेलो होतो. चूक माझी आहे.”

मामा जेवायचे थांबले. त्यांना इतकं चिडलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. “तुझी कशी चूक? तूं आनंद सांगायला गेलास. त्यानें तो आनंद फाईलला लावला. आणि ती पोर कां घरीं बसेल? तिनें पालकोवा दिला होता?” मग म्हणाले, “तुज एक सांगतों, पट्टदारी. तूं फार आभार मानतोस. जो त्याचें काम करतो त्याचे, जो करत नाही त्याचेही. हें बंद कर.”

पुढच्या पेन्शनच्या दिवशी ते मला बरोबर घेऊन गेले. धुतलेली वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, आणि पांढरा शर्ट. सोबती रांगेत होते, फलकाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. मामा थेट फलकापाशी गेले आणि यादी मोठ्याने वाचू लागले, करार वाचला होता तशीच. स्वतःचं नाव आलं तेव्हा आवाज आणखी चढवला. मॅनेजर केबिनमधून धावत बाहेर आला. “सर, आत बसून बोलू या. कॉफी घ्या.”

“लावलें बाहेर, मग बोलायचें आंत कां?” मामा म्हणाले. “ह्या मुलाला विचार, कामावर जातो का.”

मॅनेजरने मला विचारलं नाही. तो म्हणाला, नियम आहे.

मग रांगेतून मामांचे एक जुने फोरमन बोलले. ते तमिळच बोलायचे. त्यांनी फार शांतपणे विचारलं, “रस्त्यापलीकडे दुसरी बँक उघडली आहे ना? तिथे पेन्शन खातं बदलून देतात का हो?” दुसरे म्हणाले, “देतात. माझ्या मेव्हण्याने बदललं.” तिसऱ्याने विचारलं, “फिक्स्ड डिपॉझिटही नेता येतं का?” कोणी आवाज चढवला नाही. म्हातारी माणसं हवापाण्याचं बोलावं तशी आपसांत बोलत होती, आणि मॅनेजरचा चेहरा उतरत गेला.

महिनाभरात वरून पत्र आलं. हप्त्याची तारीख मी प्रत्यक्ष रुजू झाल्यापासून धरली जाईल, दंडव्याज माफ, मामांच्या खात्यातून घेतलेले पैसे परत. पत्रात लिहिलं होतं, ‘सहानुभूतीपूर्वक विचार करून, विशेष बाब म्हणून’. मामांनी ते मोठ्याने वाचलं आणि त्या शब्दांवर थांबले. “दुसऱ्याचा खिसा कापला, परत दिला. ह्याला सहानुभूती म्हणतात?”

मला आजही त्या पत्राचा आनंद होत नाही, संताप येतो. माझे अर्ज, माझी गुणपत्रिका, वडिलांचं अंगठ्यानिशी आलेलं निवेदन, यातलं काहीच त्यांना दिसलं नव्हतं. दिसल्या त्या ठेवी. आणि तरीही त्या पत्राने आमचं घर बदललं हे मी नाकारू शकत नाही. सुनंदा कॉलेजात राहिली. कंपनीने शेवटी बोलावलं तेव्हा मी थकबाकीदार म्हणून नाही, ताठ मानेने पेरुंगुडीला गेलो. पहिल्या पगारातून वडिलांच्या क्लॅरिनेटला नवी पेटी घेता आली. इतकं साधं असतं ते. डोक्यावर चुकीचं ओझं नसलं की माणूस पुढच्या महिन्याचा विचार करू शकतो.

पण माझ्या वर्गातल्या सेल्वीचं तसं झालं नाही. तिलाही ऑफर लेटर होतं, तिलाही थांबवलं होतं. तिचं कर्ज दुसऱ्या शाखेत होतं आणि जामीन तिचे काका. बँकेच्या नोटिसा आल्यावर काकांनी घाबरून तिला मिळेल त्या कामाला लावलं, मोबाईलच्या दुकानात. कंपनीने बोलावलं तेव्हा दुकानाचा मालक सोडेना, कारण हप्त्यासाठी त्याच्याकडून आगाऊ पैसे घेतले होते. मामा मला घेऊन तिच्याही शाखेत गेले. तिथे त्यांना ओळखणारं कोणी रांगेत नव्हतं. शिपायाने त्यांना बाहेर काढलं. आम्ही गाडीने परत निघालो. मांबलम स्टेशन आलं तेव्हा एवढंच म्हणाले, “ती तुझ्याहून हुशार होती की नाही?” मी हो म्हणालो. होतीच.

त्यानंतर मामांची तब्येत ढासळली आणि ते होसूरला मुलीकडे गेले. स्टेशनवर पोचवायला गेलो तेव्हा माझ्या ओठांवर आलेला शब्द त्यांनी ओळखला आणि बोट वर करून मला थांबवलं. काही वर्षांनी तिथेच ते गेले. होसूरला मी त्यांना एकच पत्र पाठवलं होतं. देवनागरी त्यांना हळूहळू वाचता यायची, म्हणून अक्षर मोठं काढलं. त्याची झेरॉक्स मी माझ्याकडे ठेवली होती. ती ही:

“ती. मामांस सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही मोठ्याने वाचाल आणि मामी ऐकतील, म्हणून जपून लिहितो आहे.

काल मी आवडीच्या शाखेत गेलो होतो. तुमचं नाव माझ्या कर्जावरून काढा, असा अर्ज दिला. एवढ्या रकमेला जामीनदार लागतच नव्हता, हे त्यात लिहिलं. अर्जात ‘विनंती’ हा शब्द नाही. ‘कृपया’ही नाही. नव्या मॅनेजरने विचारलं, हे असं कोणी शिकवलं. मी म्हणालो, तुमच्या फलकाने.

तुमचं नाव निघालं. त्यांचा शिक्का मारलेला कागद सोबत आहे. अस्कं वाचा.

सुनंदा दुसऱ्या वर्षाला गेली. सेल्वीला घेऊन मी येत्या शनिवारी तिच्या शाखेत जाणार आहे. आमच्या ऑफिसातले बरेच जण बरोबर येतो म्हणाले आहेत. त्यांतल्या काहींचे पगार त्याच शाखेत जमा होतात. आम्ही रांगेत उभं राहून जरा हवापाण्याचं बोलू.

कोणासाठी काही नेणार नाही. पालकोवा तुमच्यासाठी पाठवतो आहे, मामींना आवडतो म्हणून.

या पत्रात तुम्हाला न आवडणारा शब्द एकदाही आलेला नाही. दोनदा तपासून पाहिलं.

आपला,
पट्टदारी”