अध्यक्षांची उत्तर दिशा
छातीवरचा चुंबकाचा बिल्ला दिसला की मला घोडबंदर किल्ल्याखालच्या खाडीतल्या चिखलाचा वास येतो. मीरा रोडच्या आमच्या सोसायटीतल्या मुलांना मी तिथे दर रविवारी नकाशा आणि होकायंत्र घेऊन लपवलेले झेंडे शोधायला शिकवायचो. अध्यक्षांनी आधी मुलांदेखत या खेळाला ‘टाइमपास’ म्हटलं. मग पेपरचा बातमीदार येणार असं कळताच तो स्वतःचा उपक्रम म्हणून जाहीर केला आणि मला पाण्याच्या बाटल्या वाटायला उभं केलं. उद्घाटनाचा झेंडा तेच शोधणार होते. त्यांनी होकायंत्र ऐटीत छातीशी धरलं, नेमकं त्यांच्या चुंबकाच्या बिल्ल्यासमोर. एक मुलगी कुजबुजली, “सर, मॅग्नेटजवळ काटा चुकतो ना? सांगू त्यांना?” मी म्हणालो, “तू बाटल्या वाट.” साहेब वळतील तिकडे काटा त्यांच्याच छातीकडे बघत होता. “अहो, बिघडलंय का हे?” त्यांनी ओरडून विचारलं. “छे, बरोबर चाललाय तुम्ही,” मी म्हणालो, आणि कॅमेऱ्यासमोर ते गुडघाभर चिखलात उतरले. पुढच्या रविवारी खेळ पुन्हा ‘टाइमपास’ झाला, म्हणजे माझा झाला. काटा का चुकला, हे ते अजूनही भेटले की विचारतात; मी अजूनही सांगत नाही.