काच मी बदलली होती

मी हमरापूरच्या मूर्तिकारांच्या घरातला. वाळताना गणपतीच्या हाताला तडा गेला की तो भरायचा, घासायचा आणि वर रंग द्यायचा, हे काम माझ्याकडे असे. मी भरलेला तडा गिऱ्हाइकाला कधी दिसला नाही. हाच हात घेऊन मी रोह्याकडच्या एका जुन्या काँक्रीटच्या धरणावर ठेकेदाराकडे दुरुस्तीचा सुपरवायझर झालो.

धरणाच्या पोटातून एक अरुंद वाट जाते. तिला आम्ही गॅलरी म्हणतो. तिच्या भिंतीत एक तडा आहे. तो वाढतोय का हे कळावं म्हणून त्याच्यावर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करतात. तडा हलला की काच तुटते.

चार वर्षांपूर्वी ती तुटली. तपासणी दुसऱ्या दिवशी होती. ठेकेदाराने नवी लावायला सांगितली आणि मी लावली. जुनी वाटावी म्हणून वर गॅलरीतला चिखलही चोळला. अधिकाऱ्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि पुढे गेले.

गॅलरीतली गटारं साफ करणारी बाई धरणाखालच्या गावातली. तिने तेव्हाच मला विचारलं होतं, काच नवी हाय ना? मी म्हणालो, जुनीच आहे. ती पुन्हा गटार उपसायला लागली. त्या पावसाळ्यात धरण भरलं, काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून मी सुटत नाही. तिचं घर त्या भिंतीखाली होतं, आणि मी तिच्याशी खोटं बोललो होतो.

यंदा मे महिन्यात तिनेच मला हाक मारली.

"दादा, तुमची जुनी काच परत तुटली हाय."

तपासणी चार दिवसांवर होती. ठेकेदाराने नवी पट्टी माझ्या टेबलावर आणून ठेवली. वर हसून म्हणाला, मूर्तिकाराच्या हाताला हे काय जड?

"काच तशीच राहील," मी म्हणालो.

"मग तू नाही राहणार."

"नाही तर नाही."

चार दिवस मी रोज गॅलरीत जाऊन तुटलेली काच जागेवर आहे ना, ते बघत राहिलो. तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांना मीच त्या काचेसमोर उभं केलं. आजवर तर अखंड होती, असं ते म्हणाले.

"नव्हती. मी बदलली होती."

यंदा धरण पूर्ण भरू देणार नाहीत. तड्याचं काम सुरू झालंय, माझ्याशिवाय. निघताना ती बाई गेटवर भेटली. आभार वगैरे काही नाही.

"चार पावसाळे आम्ही खाली झोपलो, दादा."

"व्हय," मी म्हणालो.

आता माझी चौकशी आहे. पेणचे वकील सांगतात, लेखी काही देऊ नका, काच कोणी बदलली हे कुणाला सिद्ध करता येणार नाही. मी लिहून दिलंय. खाली सही केलीय. पुन्हा विचारतील तेव्हा पुन्हा लिहून देईन.